स्वस्त वीज कोणाला महाग पडते?



विजेचे बिल हातात पडले की आपण आधी शेवटचा आकडा पाहतो. तो फुगलेला दिसला की कंपनीला दोन शब्द ऐकवतो. त्यात गैर काही नाही. मोलमजुरी करणाऱ्या घरात बिलाचे शंभर रुपये वाढले, तर ते कुठून तरी कमी करावेच लागतात. म्हणून वीज कंपनीने खर्च आटोक्यात ठेवणे हे तिचे कर्तव्यच आहे. पण तेवढ्याने तिचे आणि आपले कर्तव्य संपते का? या प्रश्नावर आज थोडा विचार करू.

१. हिशेबात काय धरतात?

विजेचा साठा अजूनही फार थोडाच करता येतो. जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती त्याच क्षणी करावी लागते. मग कोणते केंद्र आधी चालवायचे? ज्याचा युनिटमागचा इंधनखर्च सर्वांत कमी, त्याचा नंबर पहिला. या क्रमवारीला ‘मेरिट ऑर्डर’ म्हणतात. सौर आणि पवन वीज सहसा या रांगेबाहेर असते. ती उपलब्ध असेल तेव्हा आधी घ्यायची, असा नियम आहे.

हा क्रम ग्राहकाच्या हिताचा आहे. मात्र इंधनखर्च म्हणजे कोळशाची किंमत आणि त्याची वाहतूक. कोळशापासून एक युनिट वीज तयार करताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तापणारी हवा, लांबणारा पाऊस, करपणारे पीक यांची किंमत या हिशेबात पुरती धरली जात नाही. किंमत असतेच, ती दुसरा कोणीतरी भरतो.

२. डहाणूचा धडा

आपल्याच पालघर जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. त्याच तालुक्यात १९९५ साली ५०० मेगावॉटचे कोळशावरचे वीज केंद्र सुरू झाले. वीज मुंबईच्या उपनगरांना गेली. धुराडे मात्र चिकूच्या वाड्यांच्या आणि आदिवासी पाड्यांच्या शेजारी उभे राहिले.

स्थानिक लोक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. धुरातील गंधकाचे वायू काढून घेणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ साली दिला. ती प्रत्यक्ष सुरू व्हायला २००७ साल उजाडले.

जो खर्च शेजाऱ्याच्या अंगावर पडत होता, तो कोणीतरी चिकाटीने मागितला, तेव्हा कुठे तो कंपनीच्या वहीत आला. पण ही यंत्रणा गंधकाचा वायू अडवते, कार्बन नव्हे. शिवाय डहाणूच्या बागायतदाराला नाव होते, गाव होते. तो न्यायालयाची पायरी चढू शकला. कार्बनचा भार ज्यांच्यावर पडणार, त्यांतले कितीतरी अजून जन्मालाही आलेले नाहीत. त्यांचा अर्ज कोण करणार?

३. दोन्ही बाजू सांभाळणे

काही वेळा काटकसर आणि सृष्टीची राखण हातात हात घालून चालतात. ६० वॉटच्या जुन्या बल्बच्या जागी ९ वॉटचा एलईडी बल्ब तेवढाच प्रकाश देतो. २०१७ साली राजस्थानातील भडला येथील लिलावात सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला. त्याच वर्षी महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. शेतीपंपांना दिवसा सौर वीज मिळाली, तर शेतकऱ्याला पाणी द्यायला रात्री-अपरात्री साप-विंचवांतून जावे लागत नाही.

पण सूर्य मावळतो, आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे लागतात. तेव्हा साठवण हवी. घाटघर येथे २००८ सालापासून २५० मेगावॉटचे केंद्र आहे. मागणी कमी असताना तेथे पाणी वरच्या धरणात चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. अशी सोय पुरेशी होईपर्यंत संध्याकाळी कोळसा लागणारच. ‘उद्याच कोळसा बंद करा’ म्हणणाऱ्याने रुग्णालयातल्या अंधाराचे उत्तर दिले पाहिजे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हा तोल दाखवला आहे. कोळसा, तेल यांची जागा विनाविलंब दुसऱ्या साधनांनी घ्यावी. तोवर त्यातल्या त्यात कमी अपायकारक मार्ग निवडणे रास्त आहे, असे ते सांगतात. मात्र हे ‘तोवर’ कायमचे होऊ नये. त्याला तारीख हवी.

४. काटकसर आणि विवेक

संत थॉमस आक्विनास दूरदृष्टीला विवेकाचा भाग मानतात. काटकसर या महिन्याचा हिशेब पाहते. विवेक नातवंडांचाही पाहतो. स्वच्छ विजेसाठी आज काही जादा खर्च येणार असेल, तर तो कोणी उचलावा? आपल्याकडे पहिल्या १०० युनिटना दर कमी असतो आणि वापर वाढेल तसा दर चढतो. हेच तत्त्व येथे लावावे. दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या घरावर तो भार टाकू नये. तीन खोल्यांत एसी लावणाऱ्याने तो आनंदाने उचलावा.

आपापल्या समूहात चर्चेसाठी प्रश्न:

१. आपल्या घरात महिन्याला किती युनिट जळतात? त्यातली किती गरजेची?
२. आपल्या सुखसोयीची किंमत दुसरा कोणी भरत आहे, अशी आणखी उदाहरणे कोणती?
३. नियामक आयोग वीजदरांवर सूचना व हरकती मागवतो, तेव्हा आपण केवळ दरवाढीलाच विरोध करतो, की वीज कशापासून तयार होते हेही विचारतो?

आपला,
प्रमुख धर्मगुरू