खांदा दुखतोय? आधी सरावाची वही आणा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, सराव दुप्पट झाला, की पोहणाऱ्या मुलांचे आईबाबा एमआरआयची फाईल घेऊनच येतात. आमच्या रामदासपेठेत तपासणी केंद्रांची वाण नाही, म्हणून बहुधा तीच पहिली पायरी ठरते. मला मात्र आधी सरावाची वही हवी असते: आठवड्याला किती किलोमीटर, आणि आकडा कधी वाढला.

जरा हिशेब करा. 25 मीटरच्या तलावात एका लेंथला अठरा हात धरले, तर 4 किलोमीटरच्या सरावात प्रत्येक खांदा 1,440 वेळा फिरतो. ऑस्ट्रेलियातल्या 13 ते 25 वयाच्या 80 अव्वल जलतरणपटूंचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 91 टक्क्यांना खांदेदुखी होती. एमआरआयमध्ये दिसलेली स्नायुबंधाची झीजही सरावाचे तास आणि किलोमीटर यांच्याबरोबरच वाढत गेलेली आढळली.

‘मग पोहणं बंद?’ नाही. अंतर निम्म्यावर आणा, बटरफ्लाय आणि हातातले पॅडल बाजूला ठेवा. पायांचा सराव चालू द्या, पण किकबोर्ड पुढे धरून नको. त्यात खांदा ताणलेलाच राहतो. पाठीवर, हात अंगालगत ठेवून पाय मारा. कोपर कमरेशी टेकवून रबर बँड बाहेर ओढणं, भिंतीवरचे पुश-अप, हे व्यायाम रोज. मित्राकडून दोन्ही हात मागे ओढून घेण्याची तलावाकाठची पद्धत मात्र सोडा. यातल्या पुष्कळ मुलांचे सांधे मुळातच सैल असतात. सरावाआधी वेदनाशामक गोळी तर अजिबात नको. वाढत्या वयात स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा हट्टही धरू नका.

हात अंगठ्याकडून पाण्यात शिरतो का, डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडतो का, श्वास एकाच बाजूने घेतला जातो का, हे प्रशिक्षकांना बघायला सांगा. ते माझ्यापेक्षा त्यांना चांगलं दिसतं.

रात्री दुखण्याने जाग येणं, हाताला मुंग्या, खांदा निसटल्यासारखा वाटणं, किंवा दोन-तीन आठवड्यांत काहीच उतार न पडणं, यांपैकी काही असेल तर लगेच दाखवा. तेव्हा एक्स-रे, गरज पडल्यास एमआरआय.

हात डोक्यावर नेताना दुखत नसेल, तर सावकाश फ्रीस्टाइलने सुरुवात करा. बटरफ्लाय सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठणकलं, तर अंतर कमी करा. आणि स्पर्धा तोंडावर असेल, तर बाकीच्या प्रकारांतली नावं काढून, न दुखणारा एखादाच ठेवा.