तर्काचे नियम आणि अल्लाहचे सामर्थ्य

'अल्लाह सर्वशक्तिमान आहे, तर त्याला स्वतःलाच उचलता येणार नाही असा दगड तो निर्माण करू शकतो काय?' महाविद्यालयात जाणारी आपली मुले हा प्रश्न ऐकून येतात. त्यामागील मूळ प्रश्न अधिक गंभीर आहे. एकच विधान एकाच वेळी, एकाच अर्थाने खरे आणि खोटे असू शकत नाही, हा नियम अल्लाहने निर्माण केला की तो अल्लाहवरही बंधनकारक आहे? निर्माण केला म्हणावे, तर तो बदलताही येईल. मग 'अल्लाह एक आहे' आणि 'अल्लाह एक नाही' ही दोन्ही विधाने एकदम खरी ठरतील व तौहीदला अर्थच उरणार नाही. बंधनकारक म्हणावे, तर अल्लाह दुसऱ्या कशाच्या तरी अधीन ठरतो.

कलामशास्त्राच्या विद्वानांनी येथे तीन भेद केले आहेत. ज्याचे नसणे अशक्य ते 'वाजिब', ज्याचे असणे अशक्य ते 'मुहाल' आणि जे असू शकते वा नसूही शकते ते 'मुमकिन'. सामर्थ्याचा संबंध मुमकिनशी असतो. चौकोनी वर्तुळ ही निर्माण करण्याजोगी वस्तूच नाही. ते केवळ एकत्र ठेवलेले दोन शब्द आहेत. अमर्याद सामर्थ्याला न पेलणारा दगडही तसाच. म्हणून त्याच्या अभावाने अल्लाहच्या सामर्थ्यात उणीव येत नाही.

इमाम गझाली (रह.) (१०५८–११११) यांनी 'तहाफुतुल फलासिफा' या ग्रंथात हा भेद स्पष्ट केला. अग्नीने कापूस जळणे अनिवार्य नाही. तो अल्लाहने घालून दिलेला सृष्टिक्रम आहे. त्याने इच्छिल्यास अग्नी जाळणार नाही. ह. इब्राहीम (अ.) यांच्यासाठी अग्नी शीतल झाला, तो असा. परंतु एकाच गोष्टीचे असणे व नसणे एकत्र आणणे हे सामर्थ्याच्या कक्षेतील कार्यच नव्हे. चमत्कार सृष्टिक्रम मोडतो, तर्क मोडत नाही.

मग तर्काचा आधार कोणता? अल्लाह 'अल-हक्क', म्हणजे स्वयं सत्य आहे आणि त्याचे ज्ञान अनादी आहे. सत्याचे नियम त्या ज्ञानाबाहेरून त्याच्यावर लादलेले नाहीत आणि सृष्टीप्रमाणे नव्याने घडविलेलेही नाहीत.

पवित्र कुरआनही याच तर्काने वाद घालतो. आकाश व पृथ्वीत अनेक ईश्वर असते, तर दोहोंची व्यवस्था कोसळली असती. ती कोसळलेली नाही, म्हणून अनेक ईश्वर नाहीत, असा सूरह अंबियातील युक्तिवाद आहे. बुद्धी बाजूला ठेवून हा पुरावा समजणार नाही. म्हणून मुलांनी असा प्रश्न विचारल्यास त्यांना गप्प करू नये. त्यांच्यासोबत बसून विचार करावा.

अल्लाह आपणा सर्वांना सत्य ओळखणारी बुद्धी देवो. आमीन.