बागबाजारात मन कसं रमवू?

प्रश्न : निवृत्तीनंतर पुण्याहून मुलाकडे कोलकात्याला, बागबाजारात राहायला आले. बंगाली येत नाही, दिवस खायला उठतो. काय करू?

उत्तर : ताई, रोज एकच छोटं आव्हान घ्या. आज भाजीवाल्याला "पोटोल कोतो कोरे?" (परवल कसे दिले?) असं विचारा. तो हसेल, उच्चार सुधारेल, उद्या स्वतःहून हाक मारेल. मग संध्याकाळी घाटावर शेजारी बसलेल्या बाईंशी दोन वाक्यं बोला. तुमच्याच भागातल्या बोसपाडा गल्लीत भगिनी निवेदितांनी १८९८ मध्ये मुलींची शाळा काढली. परदेशातून आलेल्या त्याही बंगाली शिकल्या, त्यांनी घरोघरी जाऊन मुली गोळा केल्या. मराठीत पोटभर बोलावंसं वाटलं, तर हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहेच. दुर्गापूजेत बागबाजारच्या सार्वजनिक मंडपात कामाला हात लावा. भीड चेपेल, माणसं जोडली जातील.