टपालाने येणारा सिनेमा: वर्गणी कोणाला परवडते?

नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ रोजी लाल पाकिटातली शेवटची डीव्हीडी टपालात टाकली आणि १९९८ पासून चाललेली सेवा बंद केली. पण टपालाने डिस्क भाड्याने देणारे अजून आहेत. ब्रिटनमध्ये ‘सिनेमा पॅराडिसो’ आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलचे ‘स्केअरक्रो व्हिडिओ’ हे जुने दुकानही टपालाने डिस्क पाठवते. तिकडे राहणाऱ्या सिनेमावेड्या वाचकांनी वर्गणी भरण्याआधी थोडी आकडेमोड करावी.

जाहिरातीत ‘हव्या तितक्या डिस्क’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात किती मिळतात, ते टपाल आणि तुमचा आळस ठरवतो. नेटफ्लिक्सचेच २०११ चे दर घ्या: एका वेळी एक डिस्क घरी ठेवायची असेल तर महिन्याला ७.९९ डॉलर, दोन ठेवायच्या तर ११.९९. शनिवारी रात्री चित्रपट पाहिला, सोमवारी पाकीट पेटीत टाकले, तर पुढची डिस्क गुरुवार-शुक्रवारपर्यंत हातात. म्हणजे महिन्याला चार, एक चित्रपट दोन डॉलरला. डिस्क टीव्हीखाली पंधरा दिवस पडून राहिली की तोच चार डॉलरला पडतो, आणि त्याच सुमारास किराणा दुकानाबाहेरच्या ‘रेडबॉक्स’च्या यंत्रातून एका रात्रीसाठी १.२० डॉलरला डीव्हीडी मिळत होती. मेसमध्ये निदान खाडे वजा होतात. इथे होत नाहीत.

आज हा हिशेब आणखी कडक करायला हवा. नेटफ्लिक्सची वितरण केंद्रे देशभर होती, म्हणून पाकीट बहुधा दुसऱ्या दिवशी यायचे. आता पाठवणाऱ्याचे ठिकाण बहुधा एकच, आणि ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकी टपालखात्याने लांबच्या पत्रांची मुदत पाच दिवसांपर्यंत वाढवली आहे. जाण्यायेण्यात दहा दिवस गेले, तर एका डिस्कच्या योजनेत महिन्याला जेमतेम दोन-तीन चित्रपट होतील. लांब राहणाऱ्याने दोन डिस्कची योजना घ्यावी: एक घरी, एक वाटेत. तीन डिस्कची बहुतेक घरांना गरज नसते.

भरपूर पाहणाऱ्यांनी अटी बारकाईने वाचाव्यात. जास्त डिस्क मागवणाऱ्यांना मुद्दाम उशिरा पाठवतात, असा दावा २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नेटफ्लिक्सवर झाला. पुढे कंपनीने आपल्या अटींतच लिहिले की, कमी मागवणाऱ्यांना आधी डिस्क मिळू शकते. ग्राहकाला ही गोष्ट पैसे भरण्याआधी कळायला हवी, आणि ती विचारायला संकोच करू नये.

मग वर्गणी घ्यावी कोणी? माझे मत स्पष्ट आहे: नवे, गाजलेले चित्रपट पाहणाऱ्याने मुळीच घेऊ नये. ज्याला जुने जपानी, इटालियन, पूर्व युरोपातले चित्रपट, दिग्दर्शकाच्या भाष्यासह असलेल्या आवृत्त्या हव्या आहेत, त्याने जरूर विचार करावा. स्ट्रीमिंगवर हक्कांची मुदत संपली की चित्रपट एका रात्रीत नाहीसा होतो. दुकानाने विकत घेतलेली डिस्क फळीवर राहते. पाहायच्या राहिलेल्या वीस चित्रपटांची यादी करा. त्यातले दहा-बारा तरी इतरत्र मिळत नसतील आणि या सेवेच्या यादीत असतील, तरच पैसे भरा.

त्याआधी गावातले सार्वजनिक ग्रंथालय मात्र गाठाच. अमेरिकेतली बहुतेक ग्रंथालये डीव्हीडी फुकट देतात, काही दुसऱ्या ग्रंथालयातून मागवूनही देतात. अनेक ठिकाणी त्याच कार्डावर ‘कॅनोपी’ या स्ट्रीमिंग सेवेवर चित्रपट विनामूल्य पाहता येतात. इतक्यावर भागत असेल तर वर्गणीचा विषयच मिटला.

प्लेअरचा खर्चही धरा. डीव्हीडीला प्रदेशाचा क्रमांक असतो: अमेरिका १, ब्रिटन २, भारत ५. त्यामुळे पुण्याहून नेलेला प्लेअर तिथली डिस्क नाकारू शकतो. सगळे प्रदेश चालवणारा प्लेअर घेतला, तर घरून आणलेल्या मराठी चित्रपटांच्या डीव्हीडीही त्यावर लागतील.

सुरुवात एका महिन्याच्या योजनेने करा, वर्षाची एकरकमी सवलत नंतर पाहू. टपालात हरवलेल्या किंवा चरा पडलेल्या डिस्कचे पैसे कोण भरणार, हे लेखी विचारून ठेवा. सुट्टीत भारतात येताना वर्गणी थांबवता येते का, तेही पाहा. आणि बंद करायची असेल तर पुढचे पैसे कापले जाण्याच्या निदान आठवडाभर आधी डिस्क परत पाठवा.