आजचं चिंतन, गीता ४.३४ : बाबांच्या गाडीखाली



आजचा श्लोक चौथ्या अध्यायातला चौतिसावा. शाळेत गीतापठण स्पर्धेला बसला असाल तर तोंडपाठ असेलच. भगवंत अर्जुनाला सांगतात, हे ज्ञान हवं असेल तर ज्यांनी तत्त्व प्रत्यक्ष पाहिलंय त्यांच्याकडे जा, आणि जाताना तीन गोष्टी घेऊन जा : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. मग ते तुला शिकवतील.

मला हा श्लोक नऊ वर्षांची असताना पाठ होता. स्पर्धेत दुसरा नंबरही आला होता (स्टीलची वाटी मिळाली, अजून वापरात आहे). अर्थ मात्र कळायला लागला गेल्या वर्षी, तोही सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांच्या गाडीखाली आडवी पडलेली असताना. म्हणून आज जरा घरचंच सांगते.

बाबांची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८४ची. आजोबांनी नंबर लावून घेतलेली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ही गाडी फक्त काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पाहिली असेल आणि मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये गेली. कुर्ल्याला बनायची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर खाली नाही तर स्टिअरिंगच्या बाजूला, आणि सकाळी चोक ओढल्याशिवाय हलायची नाही. बाबा दर रविवारी तिच्याशी दोन तास काहीतरी करत बसायचे. आई त्याला ‘बाबांची पूजा’ म्हणायची. मला त्या पूजेत कधी रस नव्हता.

गेल्या जूनमध्ये सोसायटीने नोटीस लावली, बंद गाड्या हलवा. आमची गाडी तेव्हा तीन महिने सुरू झाली नव्हती. मी ऑफिसचा कॉल संपवून वैतागलेली होते आणि जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, “बाबा, द्या ना ते भंगार एकदाचं विकून. जागा तरी मोकळी होईल.” बाबा काही बोलले नाहीत. ताक प्यायले, ताट उचललं, गेले. त्यानंतर पाच आठवडे आमच्यात दूध आलं का, वीजबिल भरलं का, याच्यापलीकडे एक वाक्य नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, निदान मिटवता येतं. हे नुसतंच थंड होतं.

त्याच महिन्यात बाबांच्या उजव्या हाताच्या थरथरीला नाव मिळालं. पार्किन्सन्स. गाडी तीन महिने बंद का होती ते मला तेव्हा कळलं. गाडीत मोठं काही बिघडलंच नव्हतं. बाबांना डिस्ट्रिब्युटरमधला बारीक स्क्रू धरता येत नव्हता. आणि हे त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर बाबा बॉनेट उघडून उभे होते. हात पुढे नेत होते, मागे घेत होते. मग एकदम वाकले. स्क्रू पडला होता. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही, ते नुसते वाकून शोधत होते. मी तशीच घरातल्या कपड्यांवर खाली गेले आणि काही न बोलता गाडीखाली शिरले. ऑइलचे डाग, मांजराचे केस, कुणीतरी टाकलेलं बिस्किटाचं पाकीट. स्क्रू पुढच्या डाव्या चाकाला टेकून पडला होता. वर आले तेव्हा माझ्या कपाळाला काळं लागलेलं. बाबांनी खिशातला रुमाल पुढे केला. पाच आठवड्यांतली ती पहिली देवाणघेवाण.

प्रणिपात म्हणजे नमस्कार, हे आपल्याला माहीत असतं. पण या शब्दात ‘पडणं’ आहे. नीट खाली पडणं. मी तेव्हा श्लोकाचा विचार वगैरे अजिबात करत नव्हते, नंतर रात्री आठवलं आणि हसूच आलं. इतकी वर्षं आजी-आजोबांच्या तसबिरीला रोज नमस्कार करून बाहेर पडणारी मी, बाबांसमोर मात्र कायम ताठ उभी. मला जास्त कळतं, मी जास्त कमावते, मला यूट्यूबवर सगळं मिळतं.

आता परिप्रश्न. यावर जरा थांबूया, कारण आपल्या पिढीची खरी गोची इथेच आहे असं मला वाटतं.

त्या दिवशी माझे पहिले प्रश्न असे होते : “हे बदलून इलेक्ट्रॉनिक का नाही बसवत?” “एवढ्यासाठी मेकॅनिक का नाही बोलावत?” दिसायला प्रश्न, पण ही खरंतर मतं होती, शेवटी प्रश्नचिन्ह लावलेली. बाबांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. मग थोड्या वेळाने मी विचारलं, “हा स्क्रू नेमकं काय करतो?” आणि पाच आठवडे गप्प असलेला माणूस चाळीस मिनिटं बोलला!

तुम्हालाही सांगते, कारण मला ते फार आवडलं. डिस्ट्रिब्युटरच्या आत दोन छोटे पॉइंट असतात. मधला दांडा फिरतो, त्याच्या उंचवट्याने पॉइंट उघडतात आणि मिटतात. मिटलेले असताना कॉइल भरते. उघडले की तो प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच प्लगला ठिणगी जाते. सगळी गंमत मधल्या फटीची, अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली. फट कमी राहिली तर पॉइंट जळतात. जास्त झाली तर कॉइलला भरायला वेळ मिळत नाही आणि गाडी वेगात गचके खाते. स्क्रूचं काम एवढंच, ती फट धरून ठेवायची.

गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मी हळूहळू ढकलली, पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत. मग बाबांनी फीलर गेजची पट्टी माझ्या हातात दिली. “सरकव. मोकळी जाते का?” मोकळी जात होती. “मग जास्त आहे. थोडं कमी कर. आता?” अडकली. “पुन्हा.” असं सात-आठ वेळा. “ओढताना तिने तुला किंचित धरलं पाहिजे. अडवायचं नाही, नुसतं धरायचं. कळलं?” आणि मग एकदा ते बोटांना कळलं. हे मी कुठल्या व्हिडिओत बघून शिकले नसते, कारण व्हिडिओला माझी बोटं दिसत नाहीत.

या श्लोकात भगवंत नुसतं ‘ज्ञानी’ म्हणून थांबत नाहीत, ‘तत्त्वदर्शी’ असंही म्हणतात. शंकराचार्यांनी भाष्यात हा फरक आवर्जून दाखवलाय, की जाणकार पुष्कळ असतील, पण ज्यांनी तत्त्व जसं आहे तसं पाहिलंय त्यांनी दिलेलं ज्ञानच कामाला येतं. अर्थात तिथे विषय ब्रह्मज्ञानाचा आहे, पद्मिनीच्या पॉइंटचा नाही, याची मला कल्पना आहे. पण शिकण्याची रीत तीच असावी असं वाटतं.

आणि प्रश्न विचारायचाच नाही, मुकाट ऐकायचं, असं मात्र गीता कुठेच म्हणत नाही. याच अध्यायात तीस श्लोक मागे जा. चौथ्या श्लोकात अर्जुन थेट विचारतो, तुझा जन्म अलीकडचा, विवस्वानाचा कितीतरी आधीचा, मग तू त्याला हा योग सांगितलास हे मी कसं समजू? केवढा धीट प्रश्न आहे! पण भगवंत रागावत नाहीत, कारण अर्जुनाला खरंच जाणून घ्यायचंय. ‘हे कसं समजू’ आणि ‘हे कसं शक्य आहे’ यात अंतर आहे. आपण घरी बहुतेक वेळा दुसरा विचारतो.

गाडी त्या दिवशी सुरू झाली नाही. बॅटरी उतरली होती. पण पुढच्या रविवारी मी न बोलावता खाली गेले.

मग हळूहळू गाडीबरोबर घरही आलं. वर्षभर टपकणारा मोरीचा नळ, फ्लशचा फ्लोट, बेडरूमचं पावसाने फुगलेलं दार. बाबा स्टुलावर बसून सांगणार, हात माझे. नळाच्या वेळी मेन कॉक बंद करायचा विसरले आणि स्वयंपाकघरापर्यंत पाणी. आई जे बोलली ते इथे लिहीत नाही. नवीन नळ बसवताना आटे तिरके गेले, मी जोर लावायला लागले, तर बाबा ओरडले, “थांब! जोर नको. आधी उलटा फिरव.” उलटा? “हो. टक् असं होईपर्यंत उलटा. मग सुलटा.” खरंच, उलटा फिरवताना एका जागी आटा हलकेच खाली बसतो, आणि तिथून नळ दोन बोटांनी फिरतो. दाराला मी रंधा मारायला निघाले होते, तर म्हणाले, “पावसात लाकूड तासायचं नाही. उन्हाळ्यात आटलं की फट पडेल. आत्ता मेणबत्ती घास, दिवाळीनंतर बघू.”

माउली या श्लोकावर सांगतात की ज्ञान हे घर मानलं तर सेवा हा त्या घराचा दरवाजा आहे. पूर्वी मला वाटायचं, सेवा म्हणजे आधी पाय चेपायचे, मग त्याचं बक्षीस म्हणून ज्ञान मिळणार. फीसारखं. पण दरवाजा म्हणजे फी नव्हे. त्यातून गेल्याशिवाय आतलं दिसतच नाही, एवढंच. एकनाथ महाराजांची गोष्ट आठवा. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशोबात एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. परंपरेत ही गोष्ट एकाग्रतेसाठी सांगतात. मला त्यातलं दुसरं आवडतं, ते म्हणजे गुरूंनी शिष्याला दिलेलं काम किती साधं होतं. जमाखर्च! आणि ज्ञानदेवांचे गुरू तर घरातलेच, सख्खे थोरले भाऊ.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. प्रत्येकाचा बाप असा स्टुलावर बसून शिकवणारा नसतो. काहींना घरात फक्त मार मिळालेला असतो, त्यांना ‘वडिलांसमोर वाका’ असं सांगायचा मला काही अधिकार नाही आणि हा श्लोकही तसं सांगत नाही. तो तत्त्वदर्शी शोधायला सांगतो. माझ्या बाबतीत ते घरातच होते आणि मी त्यांच्या गाडीला भंगार म्हणाले होते.

ते शब्द डोक्यातून जात नव्हते. ऑक्टोबरात एकदा कार्बोरेटर उघडला होता, सगळे भाग वर्तमानपत्रावर काढलेल्या क्रमाने मांडलेले. मी विचारलं, “बाबा, जूनमध्ये मी बोलले त्याचं वाईट वाटलं ना?”

“दहा नंबरचा पाना दे.”

दिला. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, “तुझ्या आजोबांनी मला या गाडीचं बॉनेट कधी उघडू दिलं नाही. बिघडवशील म्हणायचे. ते गेल्यावर एकट्याने शिकलो, जुन्या बाजारातून पुस्तक आणून. दोनदा कार्बोरेटर वाया घालवला.” जरा थांबून, “तू भंगार म्हणालीस तेव्हा वाटलं, आता कोणाला सांगणार हे सगळं.”

मी सॉरी म्हणाले. अकराव्या अध्यायात अर्जुन भगवंतांना म्हणतो की मी तुला सखा समजून थट्टेत काय काय बोललो, बाप जसं मुलाचं सहन करतो तसं सहन कर. तो अध्याय वाचताना लोकांना विश्वरूप आठवतं. मला हल्ली हेच आठवतं.

बाबांनी फक्त “जेट फुंकून बघ, साफ झाला का” एवढंच म्हटलं.

गाडी दत्तजयंतीच्या आदल्या रविवारी सुरू झाली. सोसायटीची नोटीस अजून फळ्यावर होती. बाबांना डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे चावी माझ्याकडे आली आणि ते पहिल्यांदाच डाव्या सीटवर बसले. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात याच गाडीने दम टाकला होता, एक्स्प्रेसवे पूर्ण व्हायच्या आधीची गोष्ट. पेट्रोल पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ झाली की इंजिन बंद पडायचं. तेव्हा बाबांनी पंपावर ओलं फडकं ठेवलं होतं आणि आम्ही कठड्यावर बसून भेळ खाल्ली होती. मला वाटायचं गाडी रुसली म्हणून आपण तिची समजूत काढतोय. त्यांना हे आठवत होतं. डिकीत ते फडकं अजून आहे म्हणाले.

स्टिअरिंगवरचा गिअर मला पहिल्यांदा सापडलाच नाही. बाबांनी डावा हात पुढे करून, माझ्या हातावर ठेवून, गिअर टाकून दिला. तो हात कमी थरथरतो.

गेटपर्यंत गेलो, परत आलो.

“चोक आत ढकल आता,” ते म्हणाले, “तापलीय ती.”

उद्या पस्तिसावा श्लोक. दार मात्र अजून घासतंच आहे. रविवारी रंधा काढणार आहोत.

राम कृष्ण हरी.