काकूंना काय सांगशील?

सुमे, ॲनिमल हाऊसमध्ये लागलीस, फार बरं वाटलं. पण परवा फोनवर म्हणालीस, "मामा, शेजारच्या काकूंना मी नुसतं 'लॅबमध्ये आहे' एवढंच सांगितलं." तेव्हापासून मनात घोळतंय. बत्तीस वर्षं मी याच कामात काढली. बहुतेक चुका माझ्या करून झाल्यात, त्या तू पुन्हा करू नकोस.

१. सकाळी आत गेलीस की आधी पाच मिनिटं नुसती बघत उभी राहा — उंदीर दुखणं लपवतो. हात लागला की ताठ होतो. एकटा असला की पाठीला बाक काढून, केस फुलवून कोपऱ्यात बसलेला दिसतो.

२. पाण्याच्या बाटलीची नळी रोज बोटाने दाबून बघ, थेंब आला पाहिजे — आतली गोळी अडकली की भरल्या बाटलीखाली प्राणी तहानेने मरतो. शनिवारी मी लावलेल्या बाटलीखाली सोमवारी चार उंदीर मेलेले मिळाले. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. भरल्या बाटलीला विचारू नये, ओल्या बोटाला विचारावं.

३. शेपटीला धरून उचलू नकोस, नळीत शिरू दे नाहीतर ओंजळीत घे — लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की असे उचललेले उंदीर खूपच कमी घाबरतात. भ्यालेला उंदीर आकडेही भ्यालेलेच देतो, बाई.

४. चाव्यांचा जुडगा दाराबाहेर ठेव — त्या किणकिणीतले आपल्याला न ऐकू येणारे उंच सूर त्यांना टोचतात.

५. घरटं करायला कागदाच्या पट्ट्या भरपूर घाल — एसीचे २२ अंश तुला सुखाचे, उंदराला तिशीच्या आसपासची ऊब लागते.

६. कुठे थांबायचं ते प्रयोग सुरू करायच्या आधी लिहून ठेव: वजन किती उतरलं की, चालणं किती बिघडलं की — मध्यावर आलं की मन घासाघीस करतं, "अजून दोनच दिवस". आणि चेहरा वाचायला शीक. डोळे बारीक होणं, गाल फुगणं, कान मागे जाणं, यावरून वेदना मोजायची पट्टीच तयार झालेली आहे. वेदनाशामक दुखायला लागण्याआधी द्यायचं.

७. प्रयोगाच्या परवानगीचा फॉर्म बी भरताना संख्येचा हिशेब खरा मांड, "असू देत चार जास्त" नको — आणि कमीही नको, कारण अपुऱ्या संख्येतून काहीच सिद्ध झालं नाही तर सगळेच फुकट गेले. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेलं पर्याय, घट, सुधारणा हे त्रिकूट पाठ असेलच. आपल्याकडे त्याला पुनर्वसनही जोडलंय.

८. एथिक्स कमिटीत विज्ञानाबाहेरचे एक सदस्य असतात, त्यांच्या प्रश्नांना वैतागू नकोस — त्यांना साध्या मराठीत समजावता आलं नाही, तर बहुधा प्रयोगच तुला नीट समजलेला नसतो.

९. मेलेल्या प्राण्याची नोंद त्याच दिवशी, खऱ्या कारणासकट — उद्यावर टाकलेली नोंद गोड होत जाते.

१०. आणि आता काकू. लपवू नकोस. बंद दाराला लोक स्वतःच खिडकी पाडतात, आणि तिच्यातून त्यांना भलतंच दिसतं. ब्रिटनमध्ये २०१४ साली ७२ संस्थांनी मिळून करार केला, की आम्ही प्राणी कधी, कसे आणि का वापरतो ते स्पष्ट सांगू. तिथे संशोधकांना धमक्या आल्या होत्या, तरी त्यांनी तोंड उघडलं. तुला तर फक्त जिन्यातच बोलायचंय. घोड्यापासून सुरू कर. गावाकडे फुरसं चावलं की दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते घोड्याला विष थोडं थोडं टोचून, मग त्याच्या रक्तातून काढतात. इंजेक्शन सगळ्यांना माहीत, घोडा कुणालाच नाही. मग तुझ्या उंदरांचं सांग: कोणत्या आजारासाठी, किती, आणि त्यांच्यासाठी तू रोज काय करतेस.

काकू विचारतील, "पण शेवटी मरतात ना गं ते?" तेव्हा "हो" म्हण, आणि चहा संपेपर्यंत तिथेच बस.