स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

मालवण, मे अखेर

चि. बाळ,

पुराच्या बोटीचं इंजिन यंदा तू सांभाळणार, हे ताईने फोनवर सांगितलं. मला फार आनंद झाला. चालू होतं पण स्लोवर बंद पडतं, तर कार्बोरेटरचा स्क्रू किती फिरवू, असं तू विचारलंस. सांगतो, पण स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लाव.

आमच्या इथली इंजिनं रोज समुद्रात जातात. तुमचं बहुतेक वर्षभर पडून असतं. बाऊलमधलं पेट्रोल उडून चिकट साका राहतो आणि स्लोच्या जेटचं केसाएवढं भोक बुजतं. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून जुनं पेट्रोल काढ, बाऊल उतरव, जेट क्लीनरने धुऊन हवेने फुंक. तार घालू नकोस, पितळेचं भोक मोठं झालं की ते जेट गेलंच. नव्या पेट्रोलमध्ये ऑइल इंजिनाच्या पुस्तकात दिलंय तेवढंच. ५० ला १ असेल तर ५ लिटरला १०० मिली.

एवढ्यावरही बंद पडलं तरच स्क्रू. इंजिन बंद असताना तो हलकेच टेकेपर्यंत आत घे, आवळू नकोस, सुईचं टोक बिघडतं. मग साधारण दीड फेरा बाहेर. माझ्या इंजिनाचं सेटिंग तसंच उचलू नकोस. तुमची इचलकरंजी समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच आहे, हवा थोडी विरळ.

पुढचं काम पंचगंगेतच, बोट काठाला घट्ट बांधून. पिंपात चालवलं तर पंख्यावर बोटीचा भार येत नाही, तिथलं सेटिंग नदीत टिकत नाही. कोरडं तर मुळीच चालवू नकोस, पाण्याच्या पंपाचं रबर जळेल. इंजिन गरम झालं की गिअरमध्ये, अगदी कमी वेगावर, थोडा थोडा स्क्रू फिरव आणि दर वेळी इंजिनाला सावरायला वेळ दे. आत घेताना ते अडखळून शिंकलं तर पेट्रोल कमी पडतंय. बाहेर काढताना जड होऊन धूर आला तर जास्त होतंय. (काही कार्बोरेटरांत स्क्रू हवेचा असतो, तिथे हे उलट. आधी पुस्तक बघ.) दोन्हींच्या मधोमध चांगलं चालतं, तिथून किंचित जास्तीकडे ठेव. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल तोडलंस तर ऑइलही तुटतं आणि पिस्टन जाम होतो.

मग न्यूट्रलमधून गिअर पुन्हा पुन्हा टाकून बघ. २०१९ आणि २०२१ चे पूर तू पाहिलेस. माडीवरून म्हातारी माणसं बोटीत उतरतात तेव्हा इंजिन स्लोवरच असतं. निघताना गिअर टाकला आणि ते बंद पडलं, तर बोट धारेच्या हातात जाते. तुझी सगळी मेहनत त्या क्षणासाठी आहे.

पुरात जोर कमी वाटला तर कार्बोरेटर उघडत बसू नकोस. आधी इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बघ. जलपर्णीने जाळी बुजली की इंजिन तापतं. धार ठीक असेल तर माणसं मोज. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली, तेव्हा तिच्यात झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. कितीही गयावया केली तरी दुसरी फेरी करीन म्हण.

सेटिंग झाल्यावर अर्धा तास चालवून प्लग काढ. पुसू नकोस. तसाच कागदात गुंडाळून पाठव, रंग बघून लगेच कळवतो.

तुझा मामा